साकीनाक्याला गोठलेलं पेट्रोल

आधीच सांगते, माझा भुताखेतांवर काडीचाही विश्वास नाही. आजही नाही. कुणाच्या अंगात येतं, कुणाला पिंपळाखाली बाई दिसते... मी वाचते, हसते आणि पुढे जाते. तेव्हा मला "ताई, श्रद्धा ठेवा" असं शिकवायला येऊ नका. आणि "गाडीतलं बायकांना काय कळतं" म्हणणाऱ्यांनी तर मुळीच येऊ नका.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही अंधेरी पूर्वेला राहायचो. माझे वडील, आप्पा, खारदांड्याजवळ बर्फाच्या कारखान्यात फिटर होते. कोळ्यांना मासळीसाठी लागतो तो बर्फ. भंगारात निघालेली एक गाडी त्यांनी स्वतः उभी केली, मला चालवायला शिकवली, उघडायलाही शिकवली. ते गेल्यावर ती माझ्याकडेच राहिली.

धाकटी बहीण शैला लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला मुलुंडहून माहेरी आली होती. आल्यापासून अंगात लांब बाह्यांचा स्वेटर. मुंबईच्या थंडीत! आमचा तर पंखा चालू होता. विचारलं तर म्हणाली, "मुलुंडला गारठा असतो गं ताई, सवय झालीय." सण झाला तरी ती जायचं नाव काढेना. शेवटी आईने सासरी न्यायचा तिळगुळाचा डबा तिच्या हातात ठेवला.

"सणाक इलंस, झाला. आता गप आपल्या घराक जा."

सोडायला मी निघाले. भर दुपारी साकीनाक्याच्या ट्रॅफिकमध्ये गाडीने दोन आचके दिले आणि बंद! ट्रॅफिकमध्ये इंजिन तापलं की नळीत पेट्रोलची वाफ होते आणि गाडी अडते. त्यासाठी तेव्हा मुंबईतला जो तो डिकीत फडकं ठेवायचा. ओलं करायचं, इंजिनाजवळच्या, पेट्रोल खेचणाऱ्या पंपावर टाकायचं आणि थांबायचं. मीही तेच केलं.

थोड्या वेळाने फडकं उचलायला गेले तर ते निघेना. कडक झालं होतं, पापडासारखं. ओढून काढलं... खाली नळीवर पांढराशुभ्र बर्फ धरला होता. इंजिनाला हात लावला तर चटका बसत होता, आणि त्याला खेटून नळी गोठलेली!

समोरच्या वर्कशॉपमधला एक जण पाना घेऊन आला. "टंकी में पेट्रोल है ना, मॅडम?"

"पहले पाइप खोलो," मी म्हटलं.

त्याने नळी सोडवली आणि तिच्यातून बर्फाची बोटभर कांडी सरकून त्याच्या हातावर पडली. त्याने ती झटकून टाकली. "ये क्या है, मॅडम?"

शैला गाडीतून उतरली होती. तिने ती कांडी उचलली, स्वेटरची बाही वर सारली आणि कोपराजवळ दाबून धरली. डोळे मिटून. लहानपणी स्टोव्हचा चटका बसला की आप्पा कारखान्यातून आणलेला बर्फ आमच्या हातावर असाच धरायचे.

तेव्हा मी तिचा हात पाहिला. चटकेच चटके. जुने, नवे. एक तर अजून ओला होता.

"स्टोव्ह?" मी विचारलं.

"उलथनं," ती म्हणाली. "सासूबाई... आईला नको ना सांगूस."

माझं डोकं फिरलं. नळी मी स्वतः बसवली, चावी फिरवली, पहिल्या झटक्यात गाडी चालू. तिथून सरळ घराकडे वळवली. सासरच्यांचा तिळगूळ आम्ही दोघींनी वाटेतच संपवला.

घरी महाभारत झालं. मामा आजही म्हणतो, मी मुद्दाम गाडी बंद पाडली. साफ खोटं! मला गाडी बंद पाडायला बर्फ कशाला लागतो? आई म्हणते, आप्पांनीच केलं. तेही मला पटत नाही. आप्पांनी जन्मभर बंद गाड्या चालू केल्या, चालती गाडी कधी बंद पाडली नाही. ऑफिसातला एक इंजिनीअर म्हणाला, पेट्रोलमध्ये पाणी असेल. असेल की! पण ते मुंबईत, तापलेल्या इंजिनावर, गोठलं कसं?

स्पष्टीकरण माझ्याकडेही नाही आणि त्यावाचून माझं काही अडलेलं नाही. शैलाने त्याच संध्याकाळी स्वेटर काढला आणि आखूड बाह्यांच्या ब्लाउजात आईसमोर जेवायला बसली. आई वाढता वाढता थांबली, त्या हाताकडे बघत राहिली. "घराक जा" हे शब्द तिने पुन्हा कधी उच्चारले नाहीत.