म्हस्कूआबा आणि सहा यंत्रे

अवधान हा गुण दुर्मीळ आहे. जाणण्याआधी पाहावे, पाहण्याआधी स्वस्थ बसावे, एवढाच त्याचा विधी. पण तो पाळायला आयुष्यभराचा संयम लागतो. शास्त्रे पढलेल्यांतही तो क्वचित आढळतो. खुटबावच्या म्हस्कूआबांच्या ठायी तो होता, आणि मेंढरांमागे चालता चालता तो त्यांना लाभला होता.

आबा पाऊणशे वर्षांचे. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा त्यांनी कळप विकला. मुलगा बिरदेव दौंडला रेल्वेत. तिथल्या वसाहतीत त्याला घरही मिळाले होते. सून मोनिका इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेली. दाराशेजारच्या रिकाम्या पोल्ट्री शेडमध्ये बिटकॉइनची यंत्रे बसवायचे तिने ठरवले. अहोरात्र गणिते करीत राहायची आणि त्याबदल्यात त्या अदृश्य नाण्याचा अंश मिळवायचा, एवढेच त्या यंत्रांना येते.

बिरदेवने तिला एक उन्हाळा दिला. "वैशाखात यंत्रं टिकली तर ऱ्हाऊ हितं. न्हाईतर घराला कुलूप, आन् सगळी दौंडला."

त्या दुपारी आबा जेवले नाहीत.

मोनिकापुढे दोन यंत्रांची माहितीपत्रके होती. एक जुन्या बनावटीचे, दणकट आणि स्वस्त. दुसरे नवे आणि महाग. ती जुन्याकडे झुकली होती.

"खातं किती?" आबांनी विचारले.

"काय, मामा?"

"वीज गं. मेंढा घेताना आम्ही शिंगं न्हाई बघत. खातो किती आन् त्यातलं अंगाला लागतं किती, त्ये बघतो."

मोनिकाने आकडे ताडून पाहिले. तेवढ्याच गणिताला जुने यंत्र जवळजवळ दुप्पट वीज घेत होते. नवी सहा यंत्रे आली.

चैत्र सरला आणि दुपारी दोनच्या सुमारास मागच्या रांगेतली तीन यंत्रे तापून आपोआप बंद पडू लागली. मोनिकाने पाण्याचा मोठा कूलर लावला. त्याच्या ओलाव्याने आतल्या जोडांवर गंजाचे ठिपके उमटले, म्हणून कूलरही काढावा लागला. बिरदेवने सामान न्यायला शनिवारचा टेम्पो सांगून टाकला.

तेव्हा आबांनी शेडमध्ये खुर्ची मागितली.

"मामा, पंख्यांच्या आवाजानं कान फाटतील तुमचे इथं."

"दोनशे मेंढरं एकदम वरडताना ऐकल्यात म्या. ही तर सहाच हायती."

दोन दिवस ते बसले. हातात लोकरीचा एक धागा. तो ते यंत्राच्या हवा ओढणाऱ्या तोंडाशी धरीत, मग हवा सोडणाऱ्या पाठीशी, मग भिंतीशी. आणि तो कुठे झुकतो ते पाहत राहत. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी त्यांनी सुनेला हाक मारली.

"उन्हात मेंढरं काय करत्यात ठावं हाय? एकमेकींच्या पोटाखाली मुंडकी खुपसत्यात. त्यांला वाटतं, सावली घावली. पर दुसरीचा ऊन श्वास घेऊन ती जास्तच तापत्यात. तवा कळप फोडावा लागतो. ही मागली तीन पुढल्यांचाच श्वास पित्यात बघ."

मोनिकाने कपाळाला हात लावला. दिसायला नीटनेटके म्हणून तिने एकामागे एक अशा दोन रांगा मांडल्या होत्या. सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला.

"डिप्लोमा मी केला, मामा, आणि पास तुम्ही झालात."

"मग फी माघारी माग."

सहाही यंत्रे एका ओळीत आली. उन्हाळ्यात तिथे दुपारचा वारा पश्चिमेकडून येतो. म्हणून तोंडे कडुनिंबाच्या सावलीतल्या पश्चिमेच्या जाळीकडे, आणि पाठी पूर्वेच्या भिंतीला. प्रत्येक पाठीमागे भिंतीला एक झरोका पाडला, म्हणजे तप्त हवा थेट बाहेर जावी आणि फिरून आत येऊ नये.

शनिवारी टेम्पो आला तेव्हा यंत्रे चालू होती. बिरदेव दोनपासून पाचपर्यंत शेडच्या दारात उभा राहिला. एकही थांबले नाही. मग टेम्पोवाल्याला चहा पाजून त्याने गाडी रिकामीच परत पाठवली. आबा त्या संध्याकाळी दोन भाकरी जेवले.

पुढच्या पौषात ते गेले, शांतपणे, आपल्याच ओसरीवर.

खुटबावचे ते घर उघडे आहे. मोनिका शेड सांभाळते. बिरदेव रोज डेमू लोकलने दौंडला जातो आणि संध्याकाळी घरी येतो.