वस्तऱ्याखालचा शब्द

आमच्या न्हावीकाकांना वाद घालताना हात चालवता येत नसे. वाद रंगला की वस्तरा हवेतच थांबायचा आणि गिऱ्हाइकाच्या गालावरचा साबण वाळून जायचा. आम्ही सरावलो होतो. घाई असली तर पऱ्हाटीबद्दल, म्हणजे कपाशीच्या पिकाबद्दल बोलायचं, गावच्या कारभाराबद्दल चुकूनही नाही.

त्या उन्हाळ्यात नगरपालिकेच्या पैशातून कुस्त्यांसाठी स्टेडियम बांधायचं घाटत होतं. त्याचा ठराव मांडायच्या सभेच्या दिवशी सकाळी खुद्द नगराध्यक्षच दाढीला आले. मी बाकावर माझ्या पाळीची वाट पाहत बसलो होतो. अर्धी दाढी झाली आणि वस्तरा थांबला.

"भाऊसायेब, आमच्या मोहल्ल्यातल्या बाया पाण्यासाठी नाल्यात झिरे खोदून राह्यल्या. अन् तुमी कुस्ती पाह्याले पायऱ्या काऊन बांधता? आमी उभ्यानं पाहू. पह्यले विहीर द्या."

अध्यक्षांनी आरशात आपला साबणाने माखलेला अर्धा गाल पाहिला. "बरं, पह्यले विहीर. झालं ना? आता आटपा."

काकांनी उरलेली दाढी नेहमीपेक्षा हळुवार केली. तुरटी फिरवली, गळ्याभोवतीचं फडकं झटकलं आणि म्हणाले, "वस्तऱ्याखाली देल्लेला शब्द मी धरत नाई. सभेत बोलजा."

सभेत काका अगदी मागे, हाताची घडी घालून उभे होते. अध्यक्ष स्टेडियमचा ठराव मांडायला उठले आणि त्यांना काका दिसले. त्यांचा हात आपसूक हनुवटीवर गेला.

"त्याआधी," ते म्हणाले, "विहिरीचं बोलू."