मिरचीच्या पथारीवरचा उजवा कोपरा

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सकाळी, नंदुरबारबाहेरच्या माझ्या पथारीवर पाच हजार रुपये अनामत ठरली. हजर तिघे: मी, कॉलेजचे क्रीडाशिक्षक आणि बेसबॉल संघाचा कप्तान. रक्कम मुलांनी वर्गणी करून आणली होती. अट एकच, वाळत घातलेल्या मिरचीवर कोणाचा बूट पडला की अनामत गेली.

पथारी म्हणजे मिरची वाळवायची मोकळी जागा. तिचा अर्धा भाग त्या वर्षी रिकामा होता आणि कॉलेजच्या मैदानावर क्रिकेटवाले हटत नव्हते, म्हणून सर माझ्याकडे आले. संघ अगदीच नवा. अकरा मुलं, ग्लोव्ह सहा. निम्मी मुलं कबड्डीतली. चेंडू टाकणारा पिचर खापरकडचा, त्याने बेसबॉल पहिल्यांदा हातात घेतला तो दिवाळीनंतर. बेस म्हणून माझ्याच बारदानात भुसा भरून दिला. माझा मुलगाही संघात होता, तो उजव्या कोपऱ्यात, मिरचीला लागून उभा राही. ती जागा सरांनी त्याला मुद्दाम दिली होती. मिरचीवर बूट घेऊन जायचं नाही, हे तो चालायला लागल्यापासून ऐकत आला होता.

सरावासाठी आम्ही नियम करून घेतला होता. चेंडू मिरचीत गेला की मारणाऱ्याने दुसऱ्या बेसवर थांबायचं आणि एकाने अनवाणी जाऊन चेंडू आणायचा. महिनाभर एक मिरची फुटली नाही.

मग सामना ठरला. प्राचार्यांनी सरांना स्पष्ट सांगितलं होतं: हा जिंकलात तर संघाचं नाव विद्यापीठाच्या स्पर्धेला पाठवतो, नाहीतर पैसे पुन्हा कबड्डीला. म्हणजे हरले की संघ संपला. पाहुणा संघ दोन जीप भरून आला. पंचही बाहेरचा. सरांनी त्याला आमचा नियम सांगितला. तो म्हणाला, "कुंपण आहे का? नाही ना? मग चेंडू जाईल तिथे खेळ चालू."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मिरचीकडे. मिरची उचलायला आता वेळच नव्हता, आणि होती तीही वाळत आलेली. तशी मिरची पायाखाली आली की फुटते, बी सांडतं, भाव जवळपास निम्म्यावर येतो.

शेवटच्या डावात आम्ही एका धावेने पुढे होतो. त्यांचे दोन गडी बाद, तिसरा बाद झाला की सामना आमचा; एक जण पहिल्या बेसवर. त्यांच्या डावखुऱ्या पोराने चेंडू उजवीकडे असा मारला की तो माझ्या मुलाच्या डोक्यावरून टप्पा घेत थेट मिरचीत शिरला. मुलगा कडेपर्यंत धावला आणि थांबला. खाली बसून बुटाची नाडी सोडायला लागला.

पहिल्या बेसवरचा दुसऱ्यावर पोचला. कप्तान ओरडत होता. सर कपाळाला हात लावून उभे. मुलाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोक्यात मिरची, किलो आणि भाव असं चाललेलं.

पथारीच्या कडेला मिरचीचे देठ खुडत बसलेल्या बायांची मुकादमीण उठून उभी राहिली. "आरे पोऱ्या, बूट काय सोडी ऱ्हायना! पय, तसाच पय! आम्ही वेची लेसूत!"

तो बुटांसकट पळत मिरचीत शिरला. ठसका लागेल एवढी लाल धूळ उठली. चेंडू कुठून फेकला ते मला दिसलंच नाही, धुळीतून बाहेर आलेला तेवढा दिसला. एक टप्पा पडला आणि तो कॅचरच्या ग्लोव्हमध्ये बसला. पहिल्या बेसवरून निघालेला त्यांचा गडी धाव पुरी करायला घसरत आला तो ग्लोव्हवरच. पंचाने मूठ वर केली. आउट.

मुलं नाचत असताना मुलगा डोळे चोळत, खोकत माझ्यासमोर येऊन उभा राहिला. एका बुटाची नाडी सुटलेली.

मी मिरची बघायला गेलो. मागून मुकादमीण आली. "शेठ, पोऱ्या तुम्हना, मिरची तुम्हनी. आते आम्हनी मजुरी कोन देई?"

"तूच त्याले पय म्हनी ना?"

"म्हनं ना. पन फुकट वेचसूत आसं म्हनं का मी?"

बाया हसल्या. एक म्हणाली, "शेठना हिसाब गडबडना आज."

सर आले आणि म्हणाले, "अट ती अट. पाच हजार ठेवून घ्या. मुलांना मी समजावतो."

अटीप्रमाणे ते खरं होतं. पण ती रक्कम मिरचीच्या भरपाईसाठी होती, आणि मिरची तुडवणारा माझ्या घरचा. स्पर्धेला जायचं तर मुलांना भाड्याला पैसा लागणार, तो कुठून येणार? मी सरांना म्हटलं, मिरचीचं नुकसान मी सोसतो, वेचणीची मजुरी मात्र अनामतीतून जाईल. सर हो म्हणाले.

दिवस मावळेपर्यंत सात बायांनी फुटलेली मिरची वेगळी केली. प्रत्येकीला दोनशे, असे चौदाशे रुपये मुकादमिणीच्या हातात दिले. उरलेले छत्तीसशे सरांना परत केले.