सातव्या रांगेतलं एकोणिसावं झाड

व्हर्जिनियाच्या डोंगरातल्या त्या बागेत ओलेटा स्टिल्टनरला सगळे ‘कसाईण’ म्हणत. म्हणोत बापडे. करप्याच्या रोगाने साऱ्या डोंगरातली चेस्टनटची झाडं खाल्ली, त्याला पुरून उरणारं एक तरी झाड घडवायचं, तर हृदय घरी ठेवूनच यावं लागतं. रोपं चार वर्षांची झाली की ओलेटा त्यांच्या सालीला भोक पाडून आत करप्याची बुरशी भरायची. पानगळीत जखम मोजायची. पसरली असेल, तर कुऱ्हाड.

फक्त एकदा तिचा हात अडला. सातव्या रांगेतलं एकोणिसावं झाड तिच्या बापाच्या परसातल्या खुंटाचं लेकरू होतं. त्या खुंटाच्या धुमाऱ्याला आलेल्या फुलांवर बागेचे प्रमुख डॉयल यांनी करपा सोसणाऱ्या चिनी वाणाचे पराग लावले होते. पुढे धुमारा वाळला, बापही गेला. आणि आता याची जखम पसरू लागली होती.

बाप करायचा तेच तिने केलं. बुंध्याजवळची ओली माती जखमेवर थापली, गोणपाटाने बांधली, आणि मोजणीच्या आठवडाभर आधी सगळं धुऊन टाकलं. मातीने जखम भरते. झाडाच्या रक्तात, त्याच्या बियांत, मात्र काही उतरत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

“ओलेटा, ही तर राणी निघाली गं! आता हिचंच बी धरायचं!” डॉयल मोजपट्टी हातात घेऊन नाचायचेच बाकी होते. तिने तो आकडा वहीत मांडला.

राणीची सहाशे लेकरं लावली. राणीला बिया धरण्यापासून लेकरं चार वर्षांची होईपर्यंत अकरा वर्षं गेली. बुरशी भरली, आणि सहाशेच्या सहाशे सडली.

डॉयल तेव्हा अठ्ठ्याहत्तरचे. वह्या चाळत म्हणाले, “माझंच काहीतरी चुकलं. म्हातारा झालो.”

ते मात्र तिला ऐकवेना. “तुमचं नाही चुकलं. मी माती लावली होती.”

त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, “तेव्हाच सांगायचंस की, बाई. बापाचं झाड म्हणून बाजूला राखलं असतं. तोडायला कोण निघालं होतं?”

ते गाडीत बसून गेले, ते पुन्हा बागेत आले नाहीत.

सहाशे झाडं ओलेटाने एकटीने तोडली. एकोणिसावं उभं आहे. दर वर्षी ती त्याला माती थापते, आणि थापताना मान दुसरीकडे वळवते. त्या झाडाकडे आता तिच्याने बघवत नाही.