गोव्याचं जहाज, दौंडमार्गे

शिरूरच्या स्टँडवरून मी चौफुल्याच्या एसटीत बसले तेव्हा पिशवीत दोनच महत्त्वाचे कागद होते. एक, मुलानं पाठवलेलं जहाजाचं तिकीट आणि दुसरं, म्हापशाहून आलेलं पत्र. जहाज मुंबईहून सुटून गोव्याला जाणार होतं. ते गोव्यात नेमकं कुठं लागतं, हे विचारायला मी समुद्राकडे पाठ करून दौंडला निघाले होते. घरात याला खुळेपणा म्हटलं गेलं. म्हणणारे अर्थातच आमचे आबा.

आबा म्हणजे माझे यजमान. सगळं शिरूर त्यांना आबा म्हणतं, म्हणून मीही म्हणते. एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्यांच्या लेखी जगातल्या प्रत्येक गावाला एक स्टँड असतो आणि त्या गावाची प्रत्येक गाडी तिथंच लागते. मी दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली, इंजिनात कोळसा टाकणाऱ्या फायरमनची मुलगी. गाडी कुठल्या फलाटावर येणार, हे दोन वेगवेगळ्या माणसांना विचारल्याशिवाय आम्ही पिशवी उचलत नाही. पुढं शिरूरच्या शाळेत तीसेक वर्षं शिकवलं, पण ती खोड काही गेली नाही.

पत्र फिलूमावशीचं होतं. कॉलनीत आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये गोव्याचे एक इंजिन ड्रायव्हर राहायचे, त्यांची ही बायको. मी तिसरीत असताना आई वर्षभर दवाखान्यात होती, ते वर्ष मी फिलूमावशीच्या घरी जेवले, तिच्याच घरी झोपले. ड्रायव्हरकाका निवृत्त झाल्यावर ती दोघं गोव्याला गेली. काका पुढं वारले. मावशीचं नाताळातलं पत्र मात्र चुकलं नाही. मी दर वर्षी उत्तरात लिहायची, यंदा नक्की येते. मग सासूबाईंचं आजारपण, मग शाळेच्या परीक्षा, मग मुलाचं लग्न. अशी जवळजवळ तीस वर्षं गेली. या वेळचं पत्र भाचीच्या अक्षरात होतं. डॉक्टरांनी आता उपाय नाही म्हणून सांगितलं, डाव्या डोळ्यानं दिसत नाही, उजव्यानं कडेकडेचं दिसतं. शेवटची ओळ मावशीची होती: दिसतंय तोवर ये.

त्याच आठवड्यात मुलाचं तिकीट आलं. आमच्या निवृत्तीची भेट म्हणून त्यानं दोघांसाठी मुंबई ते गोवा आणि परत अशी जहाजाची सहल काढली होती. जहाज गोव्यात सकाळी आठला पोचणार आणि दुपारी तीनला सुटणार. जहाजाची स्वतःची सहलीची बस होती, पण ती देवळं, चर्च आणि किनारा दाखवणार. मला तर म्हापशापलीकडच्या एका गावातलं एकच माणूस बघायचं होतं. त्यासाठी आपली वेगळी गाडी हवी. आबांनी जुन्या ओळखीतून फोनवर गाडी ठरवायला घेतली. गाडीवाल्याला म्हणाले, "नऊ वाजता पणजीच्या धक्क्यावर उभं राहा."

"पणजीलाच लागतं कशावरून?" मी विचारलं.

"गोव्याचं मोठं गाव कुठलं? पणजी. मग जहाज काय रानात लागणार हाय का?"

तिकिटावर नुसतं 'गोवा' छापलं होतं. स्टँडजवळ नुकतंच सायबर कॅफे निघालं होतं, तिथंही आम्ही गेलो. अर्ध्या तासात वरून खाली असं हळूहळू जहाजाचं चित्र उघडलं, पोहण्याच्या तलावापर्यंत आलं आणि वीज गेली. घरी येऊन मी आबांना सांगितलं, गाडी पक्की करू नका, मी दौंडला शिंदेमामांना विचारून येते. शिंदेमामा आमच्या कॉलनीतले जुने गार्ड. पास काढून ते आणि मामी गोव्याला मावशीकडे जाऊन आले होते, एवढं मला माहीत होतं.

एसटीत शेजारी न्हावऱ्याच्या एक बाई बसल्या होत्या. मांडीवर शेवंतीचं गाठोडं, आणि त्या वासानं सगळी गाडी देवघर झाली होती. त्यांनी विचारलं, "कुठं चालला बाई?"

"दौंडला. जहाज कुठं लागतं ते विचारायला."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "दौंडाला समिंदर कवा आला म्हणायचा?"

मी सगळी हकिगत सांगितली. मावशीच्या डोळ्यांचं ऐकल्यावर त्यांचं हसू थांबलं. न्हावऱ्याला उतरताना मूठभर शेवंती माझ्या ओटीत टाकून त्या म्हणाल्या, "इचारून घ्या बाई नीट. आमचं म्हातारं एकदा चुकीच्या दवाखान्यात दीस काढून बसलं हुतं."

पुढं दोन्ही बाजूंना ऊस. पारगावजवळ भीमेच्या पुलाअलीकडे मेंढरांचा कळप आडवा आला. ड्रायव्हरनं इंजिन बंद करून टाकलं आणि खाली उतरून मेंढरं हाकणाऱ्या आप्पांशी गप्पा सुरू केल्या. त्या आप्पांनी आता विहीर बागायत केली होती, पोरं उसात होती, मेंढरं त्यांनी स्वतःच्या करमणुकीसाठी ठेवली होती असं कळलं. आमची करमणूक त्यात पंधरा मिनिटं झाली. चौफुल्याला चहा घेऊन दुसरी गाडी धरली आणि बारा वाजता दौंडला पोचले.

शिंदेमामा अंगणात खाटेवर पेपर वाचत होते. माझा प्रश्न ऐकून त्यांनी पेपरची घडी घातली. रेल्वेतल्या माणसाला असा प्रश्न विचारला की त्याची पेन्शन वाढल्यासारखा चेहरा होतो.

"पणजीला न्हाई," मामा म्हणाले. "पणजी हाय नदीवर. तिथं फेरीबोटी, लहानसहान होड्या. असलं थोरलं जहाज मुरगाव बंदरात लागतं, वास्कोला. आपल्या दौंडावरनं जी गाडी जाती ना, तिचं शेवटचं इस्टेशन वास्को. रूळ संपत्यात आन् बंदर लागतं."

"तिथून म्हापसा?"

"दीड तास धर. जुवारीचा पूल, मग पणजी, मग मांडवीचा पूल. आन् हे बघ, बंदराच्या आत भाड्याची गाडी सोडत न्हाईत. गेटच्या भाईर उभी करायला सांग. कुठलं गेट ते बी इचार."

मी हिशेब केला. गाडी पणजीत आणि आम्ही वास्कोत, म्हणजे तिला बोलावून घेण्यात सकाळ गेली असती आणि मावशीच्या दारात पोचायच्या आधीच परत फिरावं लागलं असतं. मामींनी भाकरी, वांग्याचं भरीत आणि ताक समोर ठेवलं. जेवताना मामा सहज म्हणाले, "जहाज कशाला पायजे व्हतं खरं म्हंजी. गाडी रोज हाय." मी ताक प्याले आणि विषय बदलला. फुकटचं जहाज मिळालेल्या माणसाला असलं बोलणं आवडत नाही.

आबांनी दुसऱ्या दिवशी गाडीवाल्याला फोन करून जागा बदलली. माझ्यासमोर नाही, मी बाजारात गेल्यावर. मी आले तेव्हा म्हणाले, "मुरगावच्या गेटाभाईर उभा राहील. मला वाटलंच हुतं तसं."

मुंबईहून जहाज संध्याकाळी सुटलं. शिरूरचं अख्खं मार्केट यार्ड मावेल एवढं ते आत होतं. जेवायला इतके प्रकार मांडले होते की आबा ताट घेऊन दोन फेऱ्या नुसते पाहणी करत फिरले आणि शेवटी वरणभातावर आले. मी बरोबर आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नंतर खोलीत खाल्ली. आमच्या टेबलावर नाशिकचं एक जोडपं होतं. त्यांनीही स्वतंत्र गाडी ठरवली होती. कुठं बोलावलीय विचारलं, तर म्हणाले, पणजीच्या धक्क्यावर. आबांनी माझ्याकडे न बघता त्यांना मुरगाव, जुवारीचा पूल, गेट, सगळं समजावून सांगितलं. जणू जन्म बंदरातच गेला होता.

सकाळी कठड्याशी गर्दी झाली. समोर नारळीची झाडं येतील अशी सगळ्यांची अपेक्षा होती. आल्या त्या क्रेन, मालगाड्यांचे डबे आणि लाल खनिजाचे डोंगर. लोक हिरमुसले. मला मात्र ते डबे बघून माहेरी आल्यासारखं वाटलं.

गेटबाहेर आमची गाडी उभी होती. नाशिकच्या जोडप्याला आम्ही पणजीपर्यंत बरोबर घेतलं. दोन्ही पूल ओलांडून, एकदा रस्ता चुकून आणि एका शाळेपाशी विचारून, आम्ही अकराच्या सुमारास मावशीच्या गावात पोचलो. लाल कौलांचं बुटकं घर. पुढं बल्काव (दारापुढचा, दोन्हीकडे बसायला दगडी बाक असलेला ओटा). त्यावर पांढऱ्या केसांची, चिमणीएवढी झालेली एक बाई मान तिरकी करून बसली होती. कडेकडेचं दिसतं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. समोरचं बघायला तिला दुसरीकडे तोंड करावं लागत होतं.

मी पायऱ्या चढले. ती भिंतीकडे बघत म्हणाली, "आलीस व्हय गं. जाड झालीस."

कॉलनीतलं मराठी तसंच्या तसं. मी तिच्या गळ्यात पडले आणि रडले. आबा चपला काढण्यात बराच वेळ गुंतले. मावशीनं मला बाकाच्या एका टोकाला बसवलं, मग उठवून दुसऱ्या टोकाला, उजेड कुठून बरा पडतो ते बघून. एका जागी मी तिला सापडले. तिथून तिनं मला हलू दिलं नाही.

भाचीनं सान्नां (तांदळाच्या पिठाची, इडलीसारखी फुगलेली) आणि नारळाच्या रसातली वाटाण्याची उसळ आणली. आबांनी सहा सान्नां खाल्ली. मावशी दौंडच्या एकेका माणसाची चौकशी करत होती. कोण गेलं, कोण आहे, पाण्याची टाकी तीच आहे का. मग तिनं विचारलं, "कंच्या गाडीनं आलात?"

"जहाजानं आलो मावशी."

ती हसायला लागली. हसता हसता तिला खोकला आला. भाचीनं पाणी दिलं. "जहाजानं," ती म्हणाली. "अगं, वास्कोवरनं कुणी आलं की मी इचारायची, दौंडावरनं येणारी गाडी अजून येती का. येती म्हणायचे. रोज येती म्हणायचे. मग मी गप बसायची. गाडी चालू हाय, म्हंजी पोरगी कामात असंल."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते सहन झालं नाही. सासूबाई, परीक्षा, लग्न, सगळी कारणं खरी होती, आणि त्यातलं एकही मला तिथं सांगता येईना. मला स्वतःची लाज वाटली.

एक वाजला. आबा उठले, घड्याळ बघितलं. सुटायच्या वेळेबाबत त्यांनी आयुष्यात कुणाला सूट दिलेली नाही. मीही उठले. मावशीनं माझा हात धरला नाही. फक्त तिची मान त्या तिरक्या कोनातून हलली नाही. मी सरकले की मी तिला दिसेनाशी होणार होते, आणि ते तिला ठाऊक होतं.

आबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग चपला घालत म्हणाले, "तू ऱ्हा. जहाजाचं मी बघतो. त्यांच्या कचेरीत सांगतो, लिहून काय द्यायचं ते देतो. बॅगा हायेत खोलीत, मला जायाला पायजे. तू चार दिवसांनी वास्कोवरनं गाडीत बस."

"आणि तुमचं जेवण?"

"जहाजावर मरणाचं जेवण हाय," म्हणून ते गाडीत बसलेसुद्धा.

ते चार दिवस मी बहुतेक त्या बाकावर, मावशीनं ठरवून दिलेल्या जागेवर काढले. गोव्यात काय काय पाहिलं असं शेजारणी विचारतात. एक बल्काव पाहिला, हेच खरं उत्तर. निघताना तिनं पुन्हा ये म्हटलं नाही. डोळ्यांना अजून दोन-तीन महिने आहेत, असं तेवढं म्हणाली.

वास्कोची गाडी दौंडला उजाडता उजाडता पोचली. फलाटावर आबा उभे होते. शिरूरहून इतक्या सकाळी एसटी नाही, म्हणून आदल्या संध्याकाळीच येऊन ते शिंदेमामांकडे मुक्कामाला राहिले होते. माझा डबा जिथं थांबला, बरोबर तिथं ते होते. विचारल्यावर म्हणाले, तिघांना विचारून उभा राहिलोय.

शिरूरच्या एसटीला अर्धा तास होता. आबा पिशवी घेऊन बाहेरच्या दाराकडे वळले, मी आरक्षणाच्या खिडकीकडे. खिडकी उघडायची होती. आम्ही बाकावर बसून दोन वेळा चहा घेतला आणि ती एसटी गेली. इतकी वर्षं माझा सगळा प्रवास उत्तरात लिहिलेल्या एका ओळीतच होत होता. जहाज कुठं लागतं हे मी गावभर विचारत फिरले, आणि माझ्याच गावातून तिच्याकडे रोज गाडी सुटते, याची चौकशी मात्र मी कधी केली नव्हती.

खिडकी उघडली. मी फॉर्म आत सरकवला. पुढच्या महिन्यातली तारीख, दौंड ते वास्को. कारकून म्हणाला, "एकच सीट का बाई?"

मागून आबांचा आवाज आला, "दोन लिव्हा."