बाहेरच्या खोलीचा कर

मुलुंडला आमचं तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर आहे. बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी बसून आई ब्लाउज शिवायची, साड्यांना पिको-फॉल करायची. बाबा गेल्यावर तर मशीनचीच तिला सोबत होती. बायका माप द्यायला यायच्या आणि तासभर बोलत बसायच्या. एकीने हौसेने पाटी रंगवून दिली, 'येथे ब्लाउज शिवून मिळतील'. आईने ती खिडकीच्या ग्रिलला बांधली.

लहान घरांचा मालमत्ता कर माफ झाला तेव्हा आईने शिरा केला होता. कराचं मला फारसं कळत नव्हतं. माझ्या पगारातून कापला जातो तो व्यवसाय कर राज्य सरकारचा आणि घराचा तो पालिकेचा, एवढीच माझी समज.

मग एका वर्षी आम्हाला कराचं बिल आलं. चूक झाली असेल म्हणून मी रजा टाकून वॉर्ड ऑफिसात गेले. टेबलावरचा माणूस उद्धट नव्हता. त्याने कॉम्प्युटरवर बघितलं.

"पाहणी झालीये मॅडम. पाटी होती, मशीन होतं, गिऱ्हाईक बसलं होतं. ती खोली कमर्शियल धरलीये. मग माफी कशी मिळणार?"

"अहो, ती घरात बसून शिवते. दुकान आहे का ते?"

"तसा अर्ज द्या. परत पाहणी होईल. तेव्हा धंदा दिसायला नको."

"पण किती शिवलं की धंदा होतो?"

तो खरंच विचारात पडला. "ते पाहणीला येणारा ठरवतो," म्हणाला.

घरी येऊन आईला सांगितलं. ती कात्री हातात धरून ऐकत राहिली. संतापली की तिच्या तोंडी गावची बोली येते.

"माझ्या घरात मी शिवतंय, ह्यात कोणाचा काय गेला?"

"थोडेच दिवस, आई. पाहणी होईपर्यंत."

पाटी काढली. मशीन टेम्पोत घालून भांडुपच्या मावशीकडे पोचवलं. अर्ज दिला आणि आम्ही वाट बघायला लागलो.

कुणी आलं नाही. मी चकरा मारत राहिले. तो टेबलावरचा माणूस बदलून गेला, नवीन बाईंना सगळं पहिल्यापासून सांगितलं. रात्री मोबाइलवर नियम वाचायचे. जितकं वाचावं तितकं कमी कळायचं. आई तर घर सोडायलाच तयार नव्हती. आपण बाहेर असताना पाहणीचा माणूस आला आणि कुलूप बघून परत गेला तर? भाचीच्या लग्नाला ती गावी गेली नाही. बायका खिडकीशी यायच्या, ती आतूनच "आता नाही शिवत" म्हणायची. हळूहळू त्याही यायच्या बंद झाल्या. संध्याकाळी मी कामावरून येई तेव्हा ती नुसती बसलेली असायची, दिवा न लावता.

शेवटी एका दुपारी पाहणीचा माणूस आला. मी ऑफिसात होते. त्याने दारातूनच आत नजर टाकली आणि विचारलं, "काही व्यवसाय करता का?"

"मग तू काय म्हणालीस?" संध्याकाळी मी आईला विचारलं.

"म्हटलंय, मी काय करनंय नाय."

बिल सुधारून आलं. मी खुशीत म्हटलं, "रविवारी मशीन आणू या." आईने मान हलवली. "नको. परत कोण इलो तर?"

मी पुष्कळ समजावलं. पाटी नको लावूस, ओळखीच्या दोघी-तिघींचंच शिव, कोण कशाला येतंय बघायला? ती ऐकून घेते, आणि मग विचारते, "चालता मां नक्की? तुया वाचलंस ना सगळा?"

मी सगळं वाचलंय. तरीही मला तिला हो म्हणता येत नाही. मशीन अजून भांडुपलाच आहे. परवा आईचे स्वतःचे दोन ब्लाउज मी नाक्यावरच्या टेलरकडे टाकून आले. तिनेच सांगितलं होतं टाकायला.