मोईजच्या पिक्चरला किसनरावांचा लाल टॅग

लग्नाच्या पंगतीत जिलबी आली की माणसं ती खातात. काळेवाडीचे किसनराव ती आधी उजेडाकडे धरतात. वेटोळी नीट बसलीत का, कुठं टोक सुटलंय का, हे बघून झालं की मग तोंडात. स्वतःच्या लग्नात म्हणे त्यांनी गळ्यात हार असताना मंडपवाल्याला बोलावून डावीकडचा खांब वाकडा असल्याचं दाखवलं होतं. कस्तुराबाईंनी तेव्हाच काय ते ओळखायला हवं होतं. पण बाई भोळी.

यात दोष त्यांचा थोडा, नोकरीचा जास्त. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचे सुटे भाग बनतात, तिथं किसनराव शेवटच्या तपासणीला. माल समोर येतो, हे मापाचं गेज लावतात, कडेवरून बोट फिरवतात. चांगला निघाला तर पुढं जातो, त्याच्याबद्दल कोणी एक अक्षर लिहीत नाही. वाईट निघाला तर लाल टॅग लागतो आणि त्यावर दोष लिहायचा, थोडक्यात आणि भीडभाड न ठेवता. सुधारण्याजोगा असेल तर 'रिवर्क', नसेल तर भंगार. उमेदीची सगळी वर्षं यात गेली. त्यामुळं घरी भाजी चांगली झाली असं ते जन्मात कधी म्हणाले नाहीत. भाजी चांगली झाली की ते गप्प जेवत. कस्तुराबाई संसार करता करता त्या गप्प बसण्याचा अर्थ शिकल्या होत्या. मोईजनं त्यांच्याशी संसार थोडाच केला होता!

मोईज म्हणजे किसनरावांचा लंगोटीयार. दापोडीला रेल्वेरुळाशेजारच्या एकाच गल्लीत दोघं वाढले. ईदचा शिरखुर्मा या घरातून त्या घरात, चौदा एप्रिलची खीर त्या घरातून या घरात. पुढं मोईजनं काळेवाडीत दुचाकीचं गॅरेज टाकलं आणि त्याच्या मागोमाग किसनरावांनी तिथंच फ्लॅट घेतला. साऱ्या जगाला ते किसनराव, मोईजला मात्र 'किशा'. भर चौकात, पाहुण्यांदेखत, एकदा तर लेकीला बघायला मंडळी आलेली असताना खालून हाक, "ए किशा, गाडीचं ऑइल बदललंय रे!" कस्तुराबाईंनी पोह्यांची बशी तशीच धरून डोळे मिटून घेतले होते.

या मोईजला लहानपणापासून एकच रोग, पिक्चरचा. पन्नाशीच्या तोंडावर त्यानं स्वतःचाच काढला. थिएटर वगैरे भानगड नाही, थेट यूट्यूबवर. नाव 'ऑपरेशन काळी पेटी'. चाकणच्या कारखान्यातल्या गुप्त यंत्राचा नकाशा परदेशी टोळी पळवते आणि आपला हेर मारामारी करत तो परत आणतो, अशी गोष्ट. हेर झाला होता थेरगावच्या जिममधला कुलदीप. त्याला दंड भरपूर होते, चेहऱ्यावरचे भाव शोधावे लागत. काळी पेटी म्हणजे मोईजच्या पान्यांचीच पेटी, रंग मारलेली. आणि हेराच्या आईच्या कामाला, दुसरं कोणी मिळेना म्हणून, कस्तुराबाई.

कस्तुराबाई कंपनीतल्या पोरांचे डबे करतात. आधी त्या "मी? शी, काहीतरीच!" म्हणाल्या. मग कणीक मळता मळता संवाद पाठ करू लागल्या. शूटिंगच्या रविवारी डबे लवकर उरकून, ठेवणीतली निळी साडी नेसून, बाई मोईजच्या आधी जागेवर हजर. पुढच्या रविवारी उरलेला सीन घेतला तेव्हा ती साडी दोरीवर वाळत होती, म्हणून हिरवी नेसल्या. कोणाच्या लक्षात येतंय, असं मोईज म्हणाला. त्याला किसनराव आठवायला हवे होते.

पिक्चर यूट्यूबवर चढवला त्या संध्याकाळी मोईज गरम समोसे घेऊन किसनरावांकडे आला.

"किशा, बाकीचे सगळे 'नाद खुळा भावा' लिहिणार. आग, बदाम, फटाके, असली चित्रं टाकणार. त्यानं माझं काय भलं होणार? तू कंपनीत माल तपासतोस ना, तसा तपास."

"बघ हां. मग तोंड फुगवशील."

"हट्! आणि जे काय असेल ते खाली कमेंटमध्ये टाक. कमेंटी वाढल्या की पिक्चर वर येतो म्हणतात. तळेगावचा तो ट्रान्सपोर्टवाला नजर ठेवून आहे. लोकांना आवडला तर दुसऱ्या भागाला गोडाऊन देतो म्हणालाय. ट्रक पण. खरे ट्रक, किशा! तीन वेळा सांगितलं त्यानं."

आतून कस्तुराबाईंचा आवाज आला, "भाऊजी, दुसऱ्या भागात आई जिवंत आहे ना?"

"भाभी, तुम्हाला मारायची माझी काय बिशाद!"

मोईज गेल्यावर किसनराव चष्मा पुसून बसले आणि पिक्चर पाहिला. मग पुन्हा पाहिला. आता खरं सांगायचं तर त्यांना तो आवडला. हसू येत होतं, पण आवडला. एका जागी तर त्यांनी मोबाइल थांबवला. हेर जखमी होऊन घरी येतो. आई दारात उभी, गल्लीच्या तोंडाकडे बघत. मुलगा हेर आहे हे तिला ठाऊकच नाही. तिला वाटतं, पोरगा कंपनीत आहे. ती आत येते, ताट वाढते, त्याच्या हाताकडे बघते, आणि एवढंच म्हणते, "आज पण ओव्हरटाइम?"

हे वाक्य मोईजनं लिहिलेलं नव्हतं. बाई ऐन वेळी स्वतःचंच बोलून गेल्या होत्या. आणि कोणाला म्हणत आल्या होत्या, हे किसनरावांना पक्कं माहीत होतं. त्यांनी पिक्चर पुन्हा सुरू करून शेवटपर्यंत पाहिला. मग सवयीनं लिहायला घेतलं.

त्यांनी लिहिलं की हेराला गोळी डाव्या दंडात लागते, पण पट्टी उजव्या दंडाला आहे. शत्रूराष्ट्राच्या राजधानीत मागून पीएमपीची बस जाते, पाटी वाचता येते, काळेवाडी फाटा. शत्रूच्या जनरलच्या छातीवरची पदकं शाळेच्या खो-खो स्पर्धेची आहेत. पिस्तुलाचा सायलेन्सर हा मोटारसायकलचा फूटरेस्ट असून रबरही काढलेलं नाही. स्फोटात उडालेली जीप पुढच्या सीनमध्ये पार्किंगमध्ये उभी आहे, धुतलेली. आणि शेवटी, टॅगवर लिहितात तसं: रिवर्क.

कंपनीत रिवर्क लिहिणं म्हणजे मेहेरबानी. माल वाया गेला नाही, यातून चांगलं निघू शकतं, असा त्याचा अर्थ. आईच्या सीनबद्दल त्यांनी एक शब्द लिहिला नाही. तो ओके होता. ओके असतं ते कोण लिहितं?

दोन दिवसांनी त्यांची लेक साक्षी, हिंजवडीला कामाला असते ती, कॅबमधूनच फोनवर किंचाळली, "बाबा, तुमची कमेंट सगळीकडे फिरतीय! आमच्या ऑफिसात पण आली!"

आणि फिरतच होती. पिक्चरखाली रांग लागली होती. 'काका, पाय कुठं आहेत तुमचे?' 'पिक्चर नाही बघितला, फक्त कमेंट वाचायला आलो.' 'फूटरेस्टला बेस्ट ॲक्टर द्या.' एकानं लिहिलं होतं, 'हिरो चांगलाय पण त्याला कोणीतरी सांगा की मारामारी सुरू झाली.' मध्येच एखादा बिचारा 'आईचं काम मस्त' लिहून जाई, त्याच्याकडे कोणी ढुंकून बघेना. कंपनीच्या बसमध्ये किसनराव चढले तर पोरांनी शिट्ट्या मारल्या. ज्या साहेबांनी इतक्या वर्षांत त्यांना नावानं हाक मारली नव्हती, ते कँटीनमध्ये स्वतःहून म्हणाले, "काय किसनराव, फूटरेस्ट!"

माणसाचं आयुष्य लाल टॅग लिहिण्यात गेलं आणि पहिल्यांदाच कोणी तो वाचून वाहवा करतंय. पाय जमिनीवर राहतील कसे? खाली लोक मागत होते, 'काका, अजून येऊ द्या.' इथं किसनराव चुकले. पहिली कमेंट दोस्तासाठी होती. दुसरी त्यांनी लोकांसाठी लिहिली. पिक्चर पुन्हा लावून, वेचून वेचून, आणि आता जरा मीठमसाला घालून. हेराचं विमान म्हणजे जत्रेतलं. टोळीचे चारही गुंड एकच जण, टोपी बदलून. आणि हेराची आई दारात निळ्या साडीत उभी, आत येईपर्यंत हिरव्या. 'एवढ्या वेगानं साडी बदलणारी बाई हेर व्हायला हवी होती, पोरगा नाही.'

ही पहिलीपेक्षा जास्त चालली.

कस्तुराबाईंनी पिक्चर माहेरच्या झाडून सगळ्यांना पाठवला होता. धाकट्या बहिणीचा हसत हसत फोन आला, "ताई, साडी बदलतेस का आणखी?" बाईंनी फोन ठेवला, किसनरावांपुढं ताट ठेवलं आणि म्हणाल्या, "एवढं एक काम केलं होतं चार लोकांत. ते पण रिजेक्ट केलंत."

"अगं, गंमत होती ती."

"हो. सगळे हसतायत की."

भाजी चांगली झाली होती. किसनराव गप्प जेवले. पण त्या दिवशी बाईंनी त्या गप्प बसण्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मोईजचा फोन येईना. पोरंटोरं गॅरेजवर जाऊन "चाचा, सायलेन्सर दाखवा ना" म्हणतात, असं कानावर आलं. ट्रान्सपोर्टवाल्यानं म्हणे हसतच सांगितलं की माझे ट्रक लोकांना हसवायला नाहीत. आणि मग एका सकाळी कस्तुराबाईंनी शेजारणीला दाखवायला लिंक उघडली तर पडदा काळा. व्हिडिओ काढून टाकलेला. त्याबरोबर किसनरावांच्या कमेंटीही गेल्या, दोन्ही, वाहवेसकट.

किसनरावांना आधी हायसं वाटलं. मग लक्षात आलं. आपल्याला पिक्चर आवडला होता हे आता लिहायचं म्हटलं तरी कुठं लिहिणार? जागाच उरली नव्हती. सुट्टीच्या दिवशी ते स्कूटर घेऊन गॅरेजवर गेले. स्कूटरला काही झालेलं नव्हतं. पण नुसतं जायला तोंड नव्हतं.

मोईज एका चाकाशी वाकला होता. त्यानं मान वर केली, हात कापडाला पुसले आणि म्हणाला, "या, किसनराव. बसा. चहा मागवू?"

किसनराव उभेच राहिले. साऱ्या दापोडी-काळेवाडीत हे एक तोंड होतं जे त्यांना कधी 'राव' म्हणालं नव्हतं.

"अरे, मोईज..."

"काय प्रॉब्लेम आहे गाडीला?"

"गाडीला काही नाही. मला तो पिक्चर आवडला होता."

मोईज हसला. रागानं नाही, गिऱ्हाइकाकडे बघून हसतात तसा. "असं?"

"शप्पथ. तो आईचा सीन... दोनदा बघितला मी. मोबाइल थांबवून बसलो होतो."

"मग लिहिलं का नाही?"

"आमच्याकडं ओके असतं ते लिहीत नाहीत रे. फक्त दोष लिहितात. लिहिलं नाही म्हणजे पास."

मोईजनं चाकाशी पडलेला पाना उचलून पेटीत टाकला. "मी कुठं तुमच्या कंपनीत कामाला आहे?" मग हळूच म्हणाला, "पहिली वाचली तेव्हा मी पण हसलो होतो. घरात सगळ्यांना वाचून दाखवली. म्हटलं, बघा, आमच्या किशाची नजर. दुसऱ्या भागात सायलेन्सर नीट करायचा ठरवलं होतं. दुसरी कशाला लिहिली तुम्ही? मी तर मागितली नव्हती."

किसनरावांनी 'चुकलो रे' असं म्हणून बघितलं. मोईज "जाऊ द्या हो" म्हणाला, आणि ते 'हो' फार लागलं. शेवटी निघताना त्यांनी विचारलं, "तुझ्याकडं तरी आहे ना पिक्चर? कस्तुराला पुन्हा एकदा बघायचा होता."

"पुसून टाकला सगळा. कॅमेरा पण दिला एकाला." मग मोईजनं खण उघडून एक पेनड्राइव्ह काढला. "भाभींचा तेवढा सीन ठेवलाय काढून. तुम्हाला द्यायचाच होता. चूक दुरुस्त केलीय त्यातली."

घरी किसनरावांनी पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. कस्तुराबाई पदराला हात पुसत येऊन बसल्या, जरा लांब, खुर्चीच्या कडेवर. सीन सुरू झाला. हिरव्या साडीतली आई ताट वाढते. मुलाच्या हाताकडे बघते. "आज पण ओव्हरटाइम?" आणि संपलं. साडी पहिल्यापासून शेवटपर्यंत हिरवीच. कुठं उडी नाही, कुठं सांधा दिसत नाही. मोईजनं हात लावला की काम चोख. किसनराव नेहमीच्या नजरेनं बघत होते आणि त्यांना बोट ठेवायला जागा सापडत नव्हती.

बाई अजून पडद्याकडेच बघत होत्या.

"दारातलं नाही का यात?"

"नाही. तिथं साडी निळी होती ना. ते काढलं त्यानं."

"दारात मी वाट बघत उभी होते," कस्तुराबाई म्हणाल्या. "भाऊजी म्हणाले होते, भाभी, संवाद कोणीपण म्हणेल, पण असं उभं राहणं कोणाला जमायचं नाही."

"छान होतं ते," किसनराव म्हणाले. संसारात पहिल्यांदाच म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे एकदा बघितलं. "आता सांगताय होय?" म्हणाल्या, आणि उद्याच्या डब्यांची मटकी भिजत घालायला उठल्या.